दौलतचे पंधरा सेकंद

मी एक जुनी शर्यतीची घडी, म्हणजे स्टॉपवॉच, आहे. भिंतीवरच्या घड्याळाशी माझी गल्लत करू नका. ते बापडे कोणी पाहो न पाहो, दिवसभर वेळ सांगत सुटते. मी विचारल्याशिवाय बोलत नाही. माझ्या डोक्यावरची कळ एकदा दाबली की माझा काटा धावू लागतो, दुसऱ्यांदा दाबली की जागच्या जागी थांबतो, तिसऱ्यांदा दाबली की मुकाट्याने शून्यावर परततो. एवढी शिस्त तुमच्यापैकी कितीजणांच्या अंगी आहे, ते तुमचे तुम्ही पाहा. वयाने मी तुमच्या आजीच्या बरोबरीची. तरी रिवाज म्हणून तुम्हांला मित्रांनो म्हणते. नीट मांडी घालून बसा आणि ऐका.

माझा जन्म फार दूरच्या, थंड, डोंगराळ मुलखात झाला. निकेलची चकचकीत पेटी, पांढरी शुभ्र तबकडी, तिच्यावर बारीक काळे आकडे, आणि एका सेकंदाचे पाच भाग करणारा निळा काटा. ज्या कारागिराने माझे चाक बसवले, त्याने श्वास रोखून ते बसवले होते. पुढे बोटीने, रेल्वेने प्रवास करून मी हैदराबादच्या एका दुकानात आले आणि दोन वर्षे काचेमागे बसून राहिले. १९७४ साली एक सडपातळ, काळेसावळे गृहस्थ दुकानात शिरले. त्यांनी मला कानाशी नेले, डोळे मिटले, बराच वेळ ऐकले आणि दुकानदाराला एवढेच म्हणाले, "हीच द्या."

ते देवाजी मास्तर. हैदराबाद-नागपूर रस्त्यावर इचोडा लागते. तिथून दोन कोस आत असलेल्या आमच्या मराठी शाळेत ते नुकतेच कसरतीचे शिक्षक म्हणून रुजू झाले होते. मुले त्यांना 'सार' म्हणत, गावकरी 'मास्तर'. नवीन शिक्षक आले की खुर्ची मागतात, कपाट मागतात. देवाजींनी मुख्याध्यापकांकडे पहिल्याच दिवशी घडी मागितली.

त्याचे कारण मला पुढे समजले. देवाजींचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. शाळेत असताना देवाजी वाऱ्यासारखे धावत, तरी शाळेच्या संघात त्यांचे नाव कधी आले नाही. का आले नाही, ते कोणी बोलून दाखवले नाही आणि कोणी विचारलेही नाही. सगळ्यांना ठाऊक होते. नावे मास्तरांच्या मर्जीने लिहिली जात आणि मर्जीला पुरावा लागत नसे. म्हणून स्वतः शिक्षक झाल्यावर त्यांनी एक नेम केला. आपल्या शाळेत निवड होईल ती आकड्यांनी. मैदानाच्या कडेने, कडुनिंबांच्या रांगेखाली, त्यांनी टेप लावून शंभर मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा ओढल्या. एका टोकाला पांढरा रुमाल खाली पडे, दुसऱ्या टोकाला माझी कळ दाबली जाई. जो आकडा येईल तो वहीत उतरे.

"घडी कोनाचं घर पाह्यत नाई," ते पोरांना सांगत. "तुमी पाटलाचे असा का गुराख्याचे असा, तिले फक्त पाय दिसतात."

खोटे कशाला बोलू, हे ऐकताना मी अभिमानाने फुलून जाई. पाच वर्षे मी त्या शाळेवर राज्य केले. जिल्ह्याच्या शर्यतींत आमची पोरे पहिली-दुसरी येऊ लागली. चंपत तर माझ्यामुळेच सापडला. खोडकर म्हणून वर्गाबाहेर उभा केलेला पोरगा. देवाजींनी एकदा सहज पळवला आणि मी बारा पूर्णांक चार सांगितले. मास्तरांना वाटले मी चुकले. त्यांनी त्याला पुन्हा पळवले. पुन्हा बारा पूर्णांक चार. मी चुकत नसते.

रोज सकाळी देवाजी मला अकरा वेळा किल्ली देत, दहाही नाही आणि बाराही नाही. मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवत. इतका मान किती सुनांना सासरी मिळतो?

आता १९७९ सालची गोष्ट सांगते. त्या वर्षी आदिलाबादेत जिल्ह्यातल्या शाळांची फुटबॉल स्पर्धा ठरली. त्यातून जिल्ह्याचा संघ निवडला जाणार होता आणि संघातल्या मुलांना दहावीनंतर आदिलाबादच्या वसतिगृहात राहून इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, शिकता येणार होते. शहरात नातेवाईक नसलेल्या पोरांना ही फार मोठी गोष्ट होती. आमच्या शाळेत ती सर्वांत मोठी होती दौलतसाठी. बाप वारलेला, आई द्वारकाबाई मजुरीला जाणारी. शाळेआधी आणि शाळेनंतर दौलत गावाची गुरे राखी. दहावीनंतर वसतिगृह मिळाले तर पुस्तके, नाही मिळाले तर दिवसभर गुरे. तिसरा रस्ता त्याच्यापुढे नव्हता.

चौदा नावे पाठवायची होती. मैदानावर बावीस पोरे उभी राहिली. देवाजींनी रुमाल टाकणारा पोरगा उभा केला आणि मला खिशातून काढले. फुटबॉलसाठी शंभर मीटरची शर्यत कशाला, असे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. कोणी मला मोजायला सांगितले की मी मोजते. चंपत, बारा पूर्णांक चार. पुढे तेराच्या आसपास बरेच. चौदावा आला उत्तमरावांचा मोतीराम, तेरा पूर्णांक दोन. उत्तमराव म्हणजे इचोड्याचे किराणा दुकानदार. आणि सर्वांच्या शेवटी, बाविसावा, दौलत. पंधरा पूर्णांक दोन.

चंपत जवळच कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. "सार, दौलतले घ्या नं," तो म्हणाला. "हा पयत नाई, पन बॉल येते तिथं हा आधीच उभा राह्यते."

"उभं राह्यनाऱ्याले घ्यायचं असतं तं मी कडुनिंब घेतला असता," देवाजी म्हणाले. पोरे हसली. दौलतही हसला, मग चप्पल हातात घेऊन गुरांकडे गेला. "घडी बोलली, मी नाई बोललो," असे म्हणून मास्तरांनी वही मिटली.

त्या दिवशी माझा काटा शून्यावर न आणताच त्यांनी मला खिशात टाकले. मी लक्ष दिले नाही. मोठ्या माणसांचेही कधी कधी असे होते.

यादी आदिलाबादला गेली आणि सराव सुरू झाला. निवडलेल्यांतले पहिले अकरा एका बाजूला, राखीव तिघांसह बाकीचे अकरा दुसऱ्या बाजूला. उरलेल्यांत दौलत. पहिल्या दिवशी उरलेल्यांनी निवडलेल्यांवर तीन गोल केले. मैदानाला उतार आहे, असे मास्तरांनी ठरवले आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलल्या. उरलेल्यांचे दोन गोल. मग वाऱ्याचा दोष निघाला. वारा पडल्यावर चेंडूतली हवा कमी ठरली. तिसऱ्या दिवशी वारा नव्हता, चेंडू टणक होता, उतार निवडलेल्यांच्या बाजूने होता; आणि तरी माझे वेगवान वीर चेंडूमागे झुंडीने धावत होते, चेंडू मात्र दौलतच्या पायाशी येऊन थांबत होता. तो चार पावले चाले, मान वळवी, चेंडू कोणाला तरी देई. त्याच्या कपाळावर घामही नसे.

चौथ्या दिवशी द्वारकाबाई दौलतला बोलवायला मैदानावर आली. डोक्यावर गवताचा भारा होता. भारा खाली न ठेवताच ती मास्तरांजवळ उभी राहिली आणि बराच वेळ खेळ पाहत राहिली. ती देवाजींच्या वस्तीतली, नात्याने त्यांची वहिनी लागे.

"भाऊजी," ती म्हणाली, "दौलतचं नाव नाई म्हंते यादीत."

"वहिनी, तो शेवटला आला. पंधरा शेकंद लागले त्याले."

"गुरं राखतांनी कोनी पयते का? ढोर दुसऱ्याच्या कपाशीत शिरलं आन् मंग तुमी मागून पयाले, तं ढोर कोंडवाड्यात गेलंच समजा. ते कुठून शिरनार हे आधी पाहा लागते. आन् तिथं जाऊन उभं राहा लागते. माह्या लेकरानं आठ वर्सात एक ढोर कोंडवाड्यात जाऊ देल्लं नाई. पुसा गावाले."

 देवाजींनी माझ्यावरून अंगठा फिरवला.

"घडी ठेवा खिशात," द्वारकाबाई म्हणाली. "तुमच्या डोयाले काय दिसते, ते सांगा."

"मले दिसते, वहिनी," देवाजी अगदी हळू म्हणाले. "पह्यल्या दिवसापासून दिसते. पन मी त्याले घेतलं असतं तं लोक म्हनतील, मास्तरानं आपलंच घर पाह्यलं."

"आन् नाई घेतलं तं काय म्हनतील?" भारा सावरत ती म्हणाली. "मास्तर आपल्याच घराले भेला."

ती दौलतला घेऊन निघून गेली. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते मी आजवर कोणाला सांगितले नाही. माझा आकडा खोटा नव्हता. दौलतला शंभर मीटरला पंधरा सेकंद आणि वर एक पंचमांश लागले, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण खरा प्रश्न तो होता का? मास्तरांना विचारायचे होते, फुटबॉल कोणाला कळतो. आणि विचारले त्यांनी, सरळ रेघेवर कोण लवकर पोचतो. एका प्रश्नाचे खरे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले की ते खोट्याहून वाईट होते. खोटे निदान पकडता येते. त्याहून वाईट म्हणजे, देवाजींसारखा सरळ माणूस माझ्या पदराआड लपला होता. मर्जीच्या अन्यायाला भिऊन त्याने आकड्याचा अन्याय केला आणि तो मी माझ्या हातांनी करू दिला.

यादीत बदल करण्यास शनिवारपर्यंत मुभा होती. एक नाव घालायचे तर एक काढायचे, आणि ते शेवटचे, मोतीरामचे. गुरुवारी देवाजी सायकल काढून इचोड्याला उत्तमरावांच्या दुकानात गेले. मी खिशात होतेच.

"उत्तमरावजी, अर्धा घंटा मैदानावर येता का?" त्यांनी विचारले.

"मले फुटबॉलातलं काय समजते?"

"म्हूनच बलावून राह्यलो."

उत्तमराव गल्ला नोकराच्या हवाली करून आले आणि कडुनिंबाखाली बसले. देवाजींनी सांगितले, "हे बावीस पोट्टे. आज मोतीरामले मी बसवलं हाये, तो खेयनार नाई. बाकीच्यात तुमाले आपल्या बाजूनं कोन पाह्यजे, तेवढं सांगा. नाव मी सांगत नाई."

मला खिशातून बाहेर काढले नाही. खेळ मी फक्त ऐकला: चेंडूचा धप्प आवाज, पोरांची हाक, मातीवर धावणारी पावले. बरीच मिनिटे उत्तमराव नुसते पाहत होते. तागडीसमोर बसणारा माणूस, पाहण्याची सवय असलेला.

"तो निया चड्डीवाला," निळ्या चड्डीतल्या पोराविषयी ते शेवटी म्हणाले.

"काऊन?"

"बाकी सारे बॉलच्या मांगं हायेत. बॉल त्याच्या मांगं हाये."

"तो द्वारकाबाईचा दौलत," देवाजी म्हणाले. "आन् त्याले घेतलं तं मोतीरामचं नाव काढा लागते. तो माह्या वस्तीतला, म्हून मी भेलो. आता तुमीच सांगा, काय करू?"

  शेजारी बसलेला मोतीराम पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता, तेवढे मला खिशात ऐकू आले.

"माहा पोरगा पयते, यात वाद नाई," उत्तमराव उठता उठता म्हणाले. "दुकानात बस म्हनलं की तुमच्या घडीले दिसाच्या आंधी गायब होते. काढा नाव." मग मोतीरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चाल. आज तं बसशीन नं दुकानात?"

"बसतो," मोतीराम म्हणाला. त्याने नाक ओढल्याचे मी ऐकले. त्याला वाईट वाटले, हेही खरे आहे, आणि ते मी झाकून ठेवणार नाही.

शनिवारी आम्ही आदिलाबादच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. "मास्टरसाब, पहले आपने टाइम लिखके भेजा. अब जो सबसे सुस्त, वो अंदर? वजह लिखना पडता. कागज पे दिल की बात नहीं चलती."

देवाजींनी वही उघडली. दर नावापुढे दोन रकाने होते. एक वेळेचा, दुसरा शेऱ्याचा. शेऱ्याचा रकाना पाच वर्षे कोरा होता. आकडा असला की आणखी काय लिहायचे, असे त्यांचे मत. आज त्यांनी दौलतच्या नावापुढचे पंधरा पूर्णांक दोन खोडले नाही. त्याच्या शेजारी, कोऱ्या रकान्यात, त्यांनी लिहिले: 'मी स्वतः पाहिले.' आणि खाली पूर्ण सही केली, बापाच्या नावासकट.

कारकुनाने तो शेरा दोनदा वाचला. "आगे जाके कोई पूछा तो?"

"माहं नाव सांगा," देवाजी म्हणाले.

त्याने शिक्का मारला.

स्पर्धेत आम्ही दोन सामने जिंकलो आणि तिसरा हरलो. जिंकलेल्या दुसऱ्या सामन्यात शेवटी बरोबरी होती. चेंडू समोरच्यांकडे होता, सगळे तिकडे धावले, दौलत मात्र उलट, मोकळ्या जागेकडे चालत गेला. आमच्याच गावचे लोक त्याच्या नावाने बोटे मोडू लागले. एवढ्यात समोरच्या पोराने चेंडू मारला तो नेमका दौलतच्या पायाशी. त्याने तो थांबवलाही नाही, पुढच्या रिकाम्या मैदानात ढकलला, आणि त्या रिकाम्या मैदानात कोण पोचले? चंपत. बारा पूर्णांक चार. तेवढे वेगवान दुसरे कोणी नव्हतेच. तेव्हा कोणी म्हणेल की वेगाचा खेळाशी संबंध नाही, तर त्याचा कान धरा. वेग लागतो. पण कुठे धावायचे, हे वेगाला स्वतःला कळत नाही.

जिल्ह्याच्या संघात आमच्या शाळेची दोन नावे लागली, चंपत आणि दौलत. जूनमध्ये दौलत एक पत्र्याची पेटी घेऊन आदिलाबादच्या बसमध्ये चढला. द्वारकाबाईने त्याला सांगितलेले एवढेच मी ऐकले: "तिथं कोनाच्या मांगं पयू नको."

त्यानंतर देवाजी मास्तरांनी मला टाकून दिले, असे समजू नका. ते मला पूर्वीसारखेच अकरा वेळा किल्ली देत, शर्यतींना मलाच विचारत. फक्त वहीतला दुसरा रकाना आता कधी कोरा राहिला नाही. 'उशिरा निघतो, पण थांबत नाही.' 'पडला तरी हसतो.' 'पायाला जोडा नाही, तरी तेरा.' असे काही ना काही तिथे लिहिलेले असे. माझा मान कमी झाला का? सुरुवातीला मलाही तसे वाटले. मग समजले, आधी मी एकटीच बोलत होते. आता माझ्याशेजारी एक माणूस बोलत होता.

देवाजी निवृत्त झाले. हिरव्या आकड्यांच्या, किल्ली न लागणाऱ्या नव्या घड्या आल्या आणि मला फाटक्या जाळ्या, फुटके चेंडू आणि त्या वहीसोबत कपाटात ठेवले. एका पावसाळ्यात तबकडीला ओल लागली. पुढे कोणा उतावळ्याने मला चालते का ते पाहण्यासाठी अकराऐवजी पंचवीस वेळा किल्ली दिली आणि माझी स्प्रिंग तुटली. माझा काटा चार सेकंदांवर उभा आहे तो तेव्हापासून.

म्हणून, मित्रांनो, दोन गोष्टी सांगते आणि थांबते. यंत्राला जितकी किल्ली हवी तितकीच द्या, ओल लावू देऊ नका, काम झाले की पुसून ठेवा. हे झाले माझ्याविषयी. आणि माझ्यासारख्या कोणालाही काही विचारण्याआधी, आपल्याला नेमके काय हवे आहे ते ठरवा. मी जे मोजले नाही ते माझ्या नावावर खपवू नका. कधी ते कपाट उघडलेत तर माझ्या तबकडीवरचे ते चार सेकंद पाहा. तेवढ्या वेळात चंपत तीस मीटर जात असे. दौलत एक पाऊल सरकत असे. मी दोन्ही खरे मोजले असते. पण ते एक पाऊल कोणत्या दिशेला पडले, हे पाहायला तिथे देवाजी मास्तर उभे असावे लागत.